टाचण्यांचा नवतपा

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ होरपळीचे दिवस, लागला की मला टाचण्या आठवतात. लोकांना पन्हं आठवतं, माठ आठवतो, माहेर आठवतं. मला लाल डोक्याच्या टाचण्यांची प्लास्टिकची डबी आठवते. बत्तीस वर्षं पोलिसात काढलेल्या बाईला आठवणी तरी कसल्या येणार!

आज सकाळी नऊलाच नळाचं पाणी हाताला चटका देऊ लागलं. कुलर घरघरतोय, पण आत येणारी हवा बाहेरच्या हवेची सख्खी बहीणच. चंद्रपुरात उन्हाळा सांगून येत नाही आणि सांगितल्याशिवाय जातही नाही. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. अशा दुपारी झोप लागत नाही, नुसती गुंगी येते, आणि त्या गुंगीत आमच्या ठाण्यातली ती खोली दिसते. पिवळट भिंत, तिच्यावर शहराचा मोठा नकाशा, आणि नकाशासमोर स्टुलावर चढलेली मी.

त्या वर्षी नवे ठाणेदार आले होते. वय कमी, वाचन दांडगं, कपड्याची इस्त्री नवतप्यातही मोडत नसे. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की गुन्हा शहरभर सारखा पसरत नाही. तो चार-दोन ठिकाणी बसून असतो. ती ठिकाणं सापडली की अर्धं काम झालं. आम्ही माना डोलावल्या. साहेबांच्या पहिल्या आठवड्यात माना डोलवायच्याच असतात. मग त्यांनी नकाशा आणवला, त्याच्यामागे थर्माकोल लावला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे. हे तुम्ही करा.”

अक्षर चांगलं असणं हा पोलिसातला मोठाच गुन्हा. सिंदेवाहीच्या शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायची, त्याची शिक्षा मी निवृत्त होईपर्यंत भोगली. ठाण्यातली सगळी लिखापढी माझ्या गळ्यात. फिर्याद मी लिहायची, घटनास्थळ मी लिहायचं, आणि आता त्या घटनास्थळावर टाचणीही मीच टोचायची.

दोन दिवस मी रजिस्टर मांडीवर घेऊन बसले. चोरी, मारामारी, दारू, छेडछाड. तेव्हा जिल्ह्यात दारूबंदी होती, त्यामुळे दारूच्या केसेसना तोटा नव्हता. तिसऱ्या दिवशी स्टुलावरून उतरून मागे सरकले आणि पाहिलं, तर एवढ्या मोठ्या शहरात एकाच ठिकाणी लाल गर्दी झाली होती. चिचटोली. रेल्वे रुळामागची शे-दीडशे घरं, तोंडाशी एक मोठी चिच, म्हणजे चिंचेचं झाड, तिच्याखाली एक पानठेला. जिवतीच्या डोंगराकडून आलेले, सिरोंच्याकडचे, छत्तीसगडचे, कोळशाच्या यार्डात ठेकेदाराकडे राबणारे लोक. बाया मागच्या कॉलनीत धुणीभांडी करणाऱ्या.

साहेब हात मागे बांधून नकाशासमोर उभे राहिले. “बघा मॅडम. एवढीशी जागा!” खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. जणू त्या वस्तीला मीच रंगेहाथ पकडलं होतं.

मग गस्त वाढली. आमचे बीट हवालदार ढोलेभाऊ दिवसातून दोनदा चिचटोलीत जाऊ लागले. दोनदा गेल्यावर दोनदा काहीतरी सापडणारच. कुणाकडे लायसन नाही, कुणाच्या घरामागे मोहाची बाटली, दोन माणसं रस्त्यात मोठ्यानं भांडतायत. तीच भांडणं कॉलनीतही व्हायची, पण तिथे फाटक असतं, फाटकाच्या आत दार असतं, आणि ढोलेभाऊ तिकडे जातच नव्हते. माझ्याकडे नव्या नोंदी येत राहिल्या आणि मी टोचत राहिले. पुढच्या आठवड्यात डबी संपली म्हणून नवी मागवली. नकाशा बरोबर निघाला म्हणून साहेब खूश होते.

त्याच दिवसांत एक कागद आला. चारित्र्य पडताळणीचा. वैशाली नावाची चिचटोलीतली मुलगी, गडचांदूरकडच्या एका कारखान्यात गेटवर महिला सुरक्षारक्षक म्हणून तिची निवड झाली होती. पोलिसांचा कागद चांगला आला की नेमणूक. असले कागद आठवड्याला ढीगभर यायचे. नाव शोधायचं, गुन्हा नसला तर ‘नोंद नाही’ लिहायचं. तिच्या नावावर काहीच नव्हतं. पण आमच्याकडे एक ओळ होती. ती कुणी पहिल्यांदा लिहिली कुणास ठाऊक. माझ्या आधीच्यांनी त्यांच्या आधीच्यांची उतरवली, मी त्यांची उतरवली. ठरावीक पाच-सहा वस्त्यांतला अर्ज असला की ती शेवटी यायचीच: ‘अर्जदार राहत असलेली वस्ती गुन्हेगारीच्या दृष्टीने संवेदनशील आहे.’ मी लिहिलं. साहेबांनी सही केली. तेवढ्यात चहा आला, आम्ही चहा प्यालो.

नवतप्याचा तिसरा दिवस होता. दुपारी एकच्या उन्हात एक मुलगी ठाण्यात आली. तोंडाला दुपट्टा गच्च बांधलेला, नुसते डोळे दिसत होते. माझ्या टेबलासमोर उभी राहून तिनं दुपट्टा सोडला तर चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झालेला.

“मॅडम, मी वैशाली. मायावर काई केस हाय का?”

“नाही.”

“माया बापावर?”

मी रजिस्टर न पाहताच नाही म्हटलं. तो गरीब माणूस, यार्डात काम करायचा, मला माहीत होता.

“मंग कारखान्यावाले काऊन म्हनून राह्यले, का पोलिसाच्या कागदात काईतरी हाय?”

मी तिच्यासमोर कागदाची प्रत सरकवली. तिनं उभ्या उभ्याच वाचली, बोट ठेवून, आणि शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मग माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत, राग असता तर बरं झालं असतं, रागाची मला सवय होती.

“हे तं वस्तीचं लिवलं हाय, मॅडम. मी काय वस्ती हाव का?”

ठाण्यात आलेल्या माणसाला काहीतरी उत्तर द्यायचंच असतं. मी उठून माठातलं पाणी दिलं. ती दोन ग्लास प्याली. मग तिनं सांगितलं, की कारखानेवाल्यांनी पंधरा दिवस जागा ठेवली आहे, तोवर पोलिसांचा दुसरा, चांगला कागद आणला तर पाहू म्हणालेत. आई कॉलनीतली तीन घरं करते, गुडघे गेलेत तिचे. ही नोकरी लागली तर आई घरी बसेल. एवढं बोलून तिनं पुन्हा दुपट्टा बांधला आणि उन्हात निघून गेली.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. चीड आली होती, आणि कुणाची ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर पिशवीत घातलं, डोक्यावरून पदर घेतला आणि चिचटोलीच्या रस्त्याला लागले. प्रत्येक टाचणी जिथली आहे तिथे जाऊन बघायची, एवढंच डोक्यात होतं. नवतप्यात असली अवदसा शहाण्या माणसाला आठवत नाही.

पहिलीच नोंद मोटरसायकल चोरीची. घटनास्थळ: चिचटोली. फिर्यादीचा पत्ता काढत गेले तर घर निघालं चिचटोलीच्या मागच्या कॉलनीत, दुमजली, दारात तुळस, फाटकाला घंटा. फिर्यादी निवृत्त मास्तर. मोटरसायकल कुठून गेली विचारलं तर त्यांनी फाटकाच्या आतली फरशी दाखवली.

“मग भाऊ, तुम्ही चिचटोली का सांगितलं?”

“चिचटोलीजवळ म्हटलं, मॅडम. आता आमची कॉलनी कोनाले माहीत हाय? ऑटोवाल्यालेबी चिचटोलीच सांगा लागते.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “अन् खरं सांगू का, पोरीचं जुळून राह्यलं. कागदात कॉलनीचं नाव कायले खराब करा?”

तेव्हा मला आठवलं. त्या दिवशी मास्तर माझ्यासमोरच बसले होते. ‘जवळ’ हा शब्द मीच गाळला होता. आपल्याकडे प्लॉट नंबर कुणाला पाठ नसतो, झाड पाठ असतं. चिच म्हटलं की सगळ्यांना कळतं. मीही चिच लिहून मोकळी झाले होते, आणि एकदा नव्हे, किती वेळा ते रजिस्टरच सांगत होतं. कॉलनीतली पाण्याची मोटार चिचटोलीत, नाल्यापलीकडचं मंगळसूत्र चिचटोलीत, बाजाराच्या रस्त्यावरचा गाडीचा धक्का चिचटोलीत. ज्याला ठिकाण नव्हतं त्याला चिच होती.

चार दिवस मी अशी फिरले. चौथ्या दिवशी सकाळी पाण्याच्या टँकरच्या वेळेला तिथे पोचले. चिचेखाली गुंड्या, कॅन, ड्रम यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. आणि मी पाहतच राहिले, कारण रांगेत निम्म्याहून जास्त लोक चिचटोलीचे नव्हतेच. रुळापलीकडची वस्ती होती, नाल्याकडची होती, कॉलनीच्या मागच्या गल्लीतलीही होती. टँकर आला, पाइप पडला आणि दोन बायांची गुंडीवरून जुंपली. एकीनं दुसरीचे केस धरले. मी मध्ये पडले, माझी पदराची पिन गेली.

पानठेल्यावर राजन्ना बसलेला. सिरोंच्याकडचा म्हातारा, वीस वर्षं त्या चिचेखाली. त्यानं मला स्टूल दिलं आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता हसला.

“बाई, हे रोजचंच हाय.”

“टँकर इथेच का थांबतो रे भाऊ?”

“मोठी गाडी फिराले जागा इथीच हाय ना. तीन वस्त्याइचं पानी इथी, मंग तीन वस्त्याइचं भांडन बी इथीच. तुमी टँकर ठाण्यासमोर लावा, उद्यापासून भांडन तुमच्या दारात होईन.”

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. पाण्याच्या भांडणाच्या किती टाचण्या होत्या तिथे!

“आणि दारू?”

“विकनारे हायेत. दोन घरं खराब हायेत, मी तुमाले लपवून नाई राह्यलो. तीन रस्ते मिळतात इथी, पोलीस दुरून दिसते, म्हून इथी विकतात. पन पिनारे कुठून येतात ते पाह्यलं का तुमी? गाड्या उभ्या राह्यतात, बाई, चांगल्या चांगल्या.” मग त्यानं वस्तीकडे हात केला. “बाकीचे बिचारे त्या दोन घराइले भेतात, अन् तुमालेबी भेतात. दोन्हीकून दबून हायेत.”

म्हातारा जे दोन मिनिटांत बोलला ते मला वीस वर्षं कळलं नव्हतं, याची लाज वाटली. आजही वाटते. आमच्या गल्लीत पाऊस पडला की पाणी दरवर्षी एकाच घरासमोर साचतं. उतार अख्ख्या गल्लीचा, पण डासांबद्दल बोलणी त्याच घराला. ती बाई दरवर्षी खराट्यानं पाणी लोटते आणि ते परत येतं. तिला कुणी विचारत नाही की तुझ्या दारात येणारं पाणी कुणाकुणाच्या छपरावरचं आहे.

गेल्या महिन्यात पेन्शनच्या एका कागदासाठी ठाण्यात गेले होते. खोली रंगवली आहे. नकाशा आता कॉम्प्युटरवर आहे, एक हुशार पोरगी तो सांभाळते. तिनं कौतुकानं दाखवला. “मॅडम, आता ठिपका आपोआप पडते.” मी चष्मा लावून पाहिलं. चिचटोली लालच. नळ आले तिथे, टँकर बंद होऊन वर्षं झाली, राजन्ना वारला, चिच वादळात पडली. फिर्याद द्यायला आलेला माणूस अजूनही चिचटोलीजवळ म्हणतो, आणि ती पोरगी चिचटोली टाइप करते. मी तिला सांगायला तोंड उघडलं, मग तिच्यासमोरचा कागदांचा ढीग पाहिला आणि परत मिटलं. थकल्याचं हे लक्षण असावं. पूर्वी मी भांडले तरी असते.

पूर्वी म्हणजे त्या वर्षी. फिरून आल्यावर मी स्टुलावर चढले आणि टाचण्या काढू लागले. मास्तरांची कॉलनीत नेली, मंगळसूत्र नाल्यापलीकडे नेलं. जवळपास निम्म्या टाचण्या चिचटोलीतून उठल्या. चिचटोलीत काही उरल्याच, ती दोन घरं होतीच. साहेबांना बोलावून दाखवलं. माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून घेतलं, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण नकाशा वर गेलाय. वरून शाबासकीही आली. आता बदलला तर आधी काय करत होता म्हणतील.”

“आणि त्या मुलीचा कागद, सर?”

“तिला नवीन अर्ज करू द्या. मग बघू.”

‘मग बघू’वर माझा विश्वास नव्हता, मी स्वतः ते हजारोंना म्हटलं होतं. म्हणून मी वैशालीला घरी बोलावलं, पोलीस लाइनीतल्या माझ्या क्वार्टरवर. नवा फॉर्म पुढे ठेवला आणि जे कुठल्याही पोलिसानं सांगू नये ते सांगितलं. “पत्त्यात माझं क्वार्टर लिही. माझी भाची म्हण. पोलीस लाइनीतली मुलगी म्हटल्यावर कुणी एक ओळ जास्त लिहिणार नाही.”

तिनं पेन उचललं. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. पत्त्याच्या रकान्यावर येऊन थांबली. कुलरचं पाणी संपलं होतं, नुसता पंखा फिरत होता.

“नाई, मॅडम.”

“अगं, मुदत संपायला आली.”

“माया संगची एक नर्स झाली, तिनं मामाचा पत्ता लिवला. एक मास्तर झाला, त्यानं सासऱ्याचा. ज्याचं ज्याचं चांगलं झालं त्यानं कागदातून वस्ती सोडली. मंग तुमच्या रजिस्टरात कोन उरलं? तेच दोन घरं.” तिनं मान खाली घातली आणि लिहिलं, चिचटोली, चिचेजवळ, आणि घर नंबर. अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं.

मला तिचा राग आला. नोकरी हातची चाललीय आणि ही बाणा दाखवतेय, असं वाटलं. पोट भरलेल्यांनी दाखवावेत असले बाणे. ती गेल्यावर मी एकटीच बसून रडले, तेव्हा कळलं की राग तिचा नव्हता. माझी सगळी उमर कागदावर गेली आणि कागद काय करतो ते मला एका पोरीनं सांगावं लागलं.

अर्ज फिरून माझ्याच टेबलावर आला. मी लिहिलं, ‘अर्जदाराविरुद्ध कोणत्याही गुन्ह्याची नोंद नाही.’ आणि पूर्णविराम दिला. साहेबांनी सहीसाठी पेन काढलं आणि थांबले.

“नेहमीची ओळ राहिली, मॅडम.”

“ती वस्तीबद्दल आहे, सर. अर्ज मुलीचा आहे.”

पेन हवेत धरून ते नकाशाकडे बघत राहिले. मला वाटलं, कागद परत माझ्याकडे येणार. मग त्यांनी सही केली आणि पुढचा कागद ओढला. वैशाली त्याच दिवशी एसटीनं गडचांदूरला गेली. तिला नोकरी लागली. आईनं तिन्ही घरं सोडली. साहेबांची बदली झाली, त्यांच्या मागून आलेल्यांना नकाशा आवडत नव्हता, त्यांनी तिथे कॅलेंडर लावलं.

वैशाली अधूनमधून फोन करते. गडचांदूरलाच खोली घेऊन राहते, गेटवर आता जुनी झाली आहे. काल संध्याकाळी तिचा फोन आला. उन्हाची चौकशी झाली, आईच्या गुडघ्याची झाली, आणि मग ती मुद्द्यावर आली.

“मॅडम, गेटवर नवा कागद लागला. ठेकेदाराच्या गाडीनं येनाऱ्या बायाइत ज्याइच्या पासवर चिचटोली लिवलं हाय, त्याइच्या पिशव्या अन् डबे उघडून पाहाचे. बाकीच्याइले सोडाचं.”

“का म्हणे?”

“तिथलं रेकॉर्ड खराब हाय म्हनतात.”

“मग तू काय केलंस?”

“मी सगळ्याइचेच उघडले. बायाइचे, मानसाइचे, ऑफिसवाल्याइचे बी. मोठ्या साहेबाच्या गाडीतला डबा बी उघडाले लावला.”

“अगं वेडे!”

“लाइन रोडपर्यंत गेली. पाळी अर्धा घंटा लेट लागली. साहेब लय भडकले. उद्या सकाळी ऑफिसात बलावलं हाय.”

मला तिला सांगायचं होतं, उद्या माफी माग, चूक झाली म्हण, नोकरी वाचव. बत्तीस वर्षं मी तेच केलं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण मी फक्त विचारलं, “एवढं सगळं करून सापडलं काय?”

पलीकडे तिचं हसू ऐकू आलं, थकलेलं.

“भात, मॅडम. सगळ्याइच्या डब्यात भातच निंगाला.”